दादा बोलत नाही, म्हणून दार बंद करू नका

प्रति,
निवासी संस्थेचे विश्वस्त मंडळ व व्यवस्थापक,
तसेच अशा संस्थांना परवाने देणारे आणि त्यांची तपासणी करणारे सर्व अधिकारी

विषय : भेटींवर घातलेली बंधने आणि बौद्धिक अक्षमता व ऑटिझम असलेल्या रहिवाशांच्या काळजीचा दर्जा

महोदय, महोदया,

गेल्या महिन्याच्या अखेरीस तुमच्या फाटकावर एक सूचना लागली. ‘शिस्त व सुरक्षिततेच्या कारणास्तव यापुढे नातेवाइकांच्या भेटी महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार ते सहा या वेळेत, फक्त स्वागतकक्षात होतील. खोल्यांकडे जाण्यास मनाई आहे. छायाचित्रे काढू नयेत.’ खाली शिक्का होता, सही नव्हती. मी ती वाचत उभी होते तेव्हा माझा दादा पहिल्या मजल्याच्या खिडकीत होता. त्याने मला पाहिलं होतं. तो गजावर तळहात आपटत होता. दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. त्याच्या भाषेत याचा अर्थ ‘ये’. तो दिवस बुधवार होता, त्यामुळे मला आत सोडलं नाही.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली तीन पत्रं मी आधीच देऊन झाली आहेत. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याला ‘विषय विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं, तिसऱ्यानंतर ही सूचना लागली. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, ही त्या एका ठिकाणची गोष्ट आहे, आपलं माणूस जिथे आहे तिथे असं काही नाही. दुसरंही कारण आहे. माझा दादा आज रात्री तुमच्याकडेच झोपणार आहे. आमच्यापैकी प्रत्येक जण ही भीती मनात धरूनच तुमच्याशी बोलत असतो, तक्रारीच्या आधी दोनदा आभार मानत असतो. हे तुम्हाला माहीत असायला हवं.

दादा ४४ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि बौद्धिक अक्षमताही आहे. तो बोलत नाही, पण सांगतो भरपूर. तहान लागली की गळ्याखालच्या हाडावर दोन बोटं टेकवतो. गोंगाट असह्य व्हायला लागला की टॉवेलचं टोक गुंडाळत बसतो. गुंडाळी घट्ट होत गेली की समजायचं, फार तर दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात त्याला तिथून बाहेर न्यायला हवं. पोटात दुखलं की भिंतीला पाठ लावून एकच पाय हलवतो. खूश असला की एका सुरात गुणगुणतो, आणि आपण तोच सूर धरला तर थांबून आपल्याकडे बघतो. हे मला आईने शिकवलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली. जायच्या आधी चार महिने ती रोज थोडं थोडं एका वहीत लिहीत होती. दादाला काय आवडतं, काय दुखतं, काय केलं की तो घाबरतो, पाणी डोक्यावर एकदम का ओतायचं नाही, केस कापताना आधी कात्री त्याच्या हातात का द्यायची. शेवटची काही पानं तिच्या थरथरत्या अक्षरात आहेत. दाखल करताना ती वही मी तुमच्या कार्यालयात दिली. दोन वर्षांनी एका कामासाठी तिथलं कपाट माझ्यासमोर उघडलं गेलं, तेव्हा ती फायलींच्या खाली दिसली. मी देताना बांधलेली रिबिनीची गाठ तशीच होती.

माझ्या तक्रारी आता सांगते. कुणाचा अपमान करायचा नाही, पण शब्द मऊही करणार नाही.

पहिली तक्रार दाताची. मागच्या वर्षी दादा स्वतःच्या उजव्या गालावर बुक्क्या मारायला लागला. जेवणाचं ताट ढकलायला लागला. एकदा भरवायला आलेल्या ताईंचा हात त्याने झटकला आणि त्यांना लागलं. मला फोन आला, ‘तुमचा भाऊ आक्रमक झालाय, डॉक्टरांनी डोस वाढवलाय.’ मी पोहोचले तेव्हा तो अर्धवट गुंगीत होता. तरीही मान डावीकडे कलती होती, आणि पाण्याचा घोट तो डाव्या बाजूनेच घेत होता. मी गालाला हात लावला तर उजवा गाल गरम लागला. दंतवैद्याकडे नेलं, तर उजवीकडच्या मागच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. तीन आठवडे त्या माणसाचा दात ठणकत होता. तो त्याच्याजवळ असलेल्या एकमेव भाषेत ते सांगत होता, दुखऱ्या जागेवर बोट ठेवून, खरं तर मूठ ठेवून. आणि त्या सांगण्यावर त्याला झोपेचं औषध मिळत होतं.

हा कुणा एका कर्मचाऱ्याचा मूर्खपणा नव्हे. वैद्यकशास्त्रात या चुकीला ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ असं नाव आहे. माणसाला बौद्धिक अक्षमता आहे, ऑटिझम आहे, एवढं एकदा कागदावर आलं की त्याचं प्रत्येक दुखणं त्या निदानाच्या सावलीत जातं. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गातला संसर्ग, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, या सगळ्यावर ‘त्याचं असंच असतं’ हे एकच उत्तर मिळतं. बोलणारा माणूस ‘दुखतंय’ म्हणतो आणि आपण त्याला तपासतो. न बोलणाऱ्याचं वागणं बदलतं, आणि आपण त्याला आवरतो. दादाचं वागणं हीच त्याची तक्रार असते. ती वाचता येणारं एकही माणूस त्या तीन आठवड्यांत त्याच्याजवळ नव्हतं, आणि आता जे एक होतं त्याला तुम्ही महिन्यातून दोन तास देऊ केले आहेत, तेही स्वागतकक्षात.

दुसरी तक्रार औषधांची. दाढ काढल्यावर बुक्क्या थांबल्या. वाढवलेला डोस मात्र सात महिने तसाच चालू राहिला, कारण तो कमी करायचा कुणाला सुचलंच नाही. रिस्पेरिडोनसारखी मनोविकाराची औषधं कधीच देऊ नयेत, असं मी म्हणत नाही. काहींना त्यांचा खरा उपयोग होतो. पण त्यांनी वजन वाढतं, सुस्ती येते, हात थरथरतात, काहींना गिळायला त्रास होतो. दादाचं वजन त्या सात महिन्यांत ९ किलोने वाढलं. त्याचं गुणगुणणं बंद झालं. मी विचारलं, तेव्हा ‘आता छान शांत असतो’ असं मला सांगण्यात आलं. इंग्लंडमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य यंत्रणेने असा अंदाज मांडला होता की कुठल्याही एका दिवशी बौद्धिक अक्षमता असलेली ३० ते ३५ हजार प्रौढ माणसं मनोविकाराची औषधं घेत असतात, आणि ती ज्या आजारांसाठी असतात ते आजार त्यांना नसतात. पुढच्याच वर्षी तिथे ही अनावश्यक औषधं थांबवण्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू करावी लागली. ज्या देशात कागदोपत्री सगळं मोजलं जातं तिथली ही स्थिती. जिथे कुणी मोजतच नाही तिथे काय चालत असेल, याचा विचार अधिकाऱ्यांनी करावा.

तिसरी तक्रार तुमच्या नोंदवहीची. दाताच्या प्रकारानंतर मी दादाची रोजची नोंद बघायला मागितली. बऱ्याच खेपा घातल्यावर ४१ दिवसांची पानं मिळाली. प्रत्येक दिवसापुढे एकच ओळ होती, ‘शांत. जेवण केले. झोप चांगली.’ अक्षर एकच, शाईही एकच. ज्या दिवशी त्याने ताट भिरकावलं म्हणून मला फोन आला होता, त्या दिवशीही ‘शांत’. आणि मधले दोन दिवस तर तो माझ्या घरी होता. मी त्याला शनिवारी सकाळी सही करून घेऊन गेले होते आणि सोमवारी आणून सोडलं होतं. त्या दोन्ही रात्री तुमच्या वहीत त्याची झोप चांगली झालेली आहे.

मी ती पानं घेऊन खूप वेळ बाकावर बसले होते. खोटं लिहिल्याचा रागही त्या क्षणी आला नव्हता. तो तिथे असला काय आणि नसला काय, त्याच्याबद्दल लिहायची ओळ तीच, एवढंच मनात फिरत होतं.

चौथी, रात्रीची. २६ रहिवाशांच्या मजल्यावर रात्री एक कर्मचारी असतो. म्हणून साडेसहाला जेवण उरकतं, आठला दिवे जातात, आणि सकाळी सहापर्यंत चाळिशीतल्या माणसांनी अंधारात पडून राहायचं. १९६९ साली स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी एक साधं तत्त्व मांडलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसालाही दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची तीच लय मिळाली पाहिजे जी इतरांना मिळते. उठणं, कामाला जाणं, सुट्टी, सण, उन्हाळ्यातली भटकंती, सगळं. आणि त्यात त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं की कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला लवकर झोपायला लावणं बरोबर नाही. अर्धशतकाहून जास्त काळ लोटला. दादाच्या मजल्यावरचे दिवे अजून आठलाच जातात.

पाचवी तक्रार फिट येणाऱ्यांची आहे. दादाला त्या येत नाहीत, पण शेजारच्या खाटेवरच्याला येतात, आणि तो आंघोळीला एकटा जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये साधारण पाचातल्या एकाला अपस्मार असतो. २०१३ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका उपचार केंद्रात ऑटिझम आणि अपस्मार असलेला १८ वर्षांचा मुलगा आंघोळीच्या टबात बुडून गेला. केंद्रात कर्मचारी हजर होते. दोन वर्षांनी झालेल्या चौकशीत ज्यूरीने त्या मृत्यूला दुर्लक्षाचा हातभार असल्याचं स्पष्ट नोंदवलं. न्हाणीघराच्या दाराशी एक माणूस उभा ठेवायला कितीसा खर्च येतो?

कपड्यांबद्दल थोडक्यात. दादाच्या अंगावर मी कधीही त्याचे कपडे पाहिलेले नाहीत. धुऊन आलेल्या ढिगातून जे हाताला लागेल ते. आणि कृपा करून ४४ वर्षांच्या माणसांना ‘आमची मुलं’ म्हणू नका. प्रेमाने म्हणता हे कळतं. पण मूल म्हटलं की त्याच्या वतीने ठरवायची सवय लागते, आणि मग त्याला विचारायचंच राहून जातं.

आता त्या सूचनेकडे परत येते. ती का लागली, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. गेल्या महिन्यात मी दादाच्या डाव्या मनगटावर पट्टीएवढा रुंद वळ पाहिला. विचारल्यावर ‘पडला असेल’ असं उत्तर मिळालं. मी फोनवर त्याचा फोटो काढला. नऊ दिवसांनी फाटकावर सूचना होती. तो वळ कशाचा, हे मला माहीत नाही. कुणावरही मी आरोप करत नाही. ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं तो प्रश्न विचारायची जागाच तुम्ही बंद केली, ही माझी तक्रार आहे, आणि सगळ्या तक्रारींत मी तिला सर्वांत वर ठेवते. दात, डोस, नोंदवही, रात्र, हे मला कळलं कारण मी आत येऊ शकत होते. पहिल्या रविवारी चार वाजता आंघोळ घातलेला, भांग पाडलेला दादा स्वागतकक्षात आणून बसवला, तर यातलं मला काहीही कळणार नाही.

बंद दारांमागे काय होतं, याचा इतिहास या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती. सोय ४,००० जणांची होती, आणि १९६५पर्यंत तिथे ६,०००हून जास्त माणसं कोंबलेली होती. तिथले एक तरुण डॉक्टर, मायकेल विल्किन्स, यांनी पालकांना एकत्र करून सुधारणा मागायला लावल्या, तर त्यांनाच कामावरून काढलं. पण एका इमारतीची किल्ली त्यांच्याजवळ राहिली होती. १९७२च्या जानेवारीत त्या किल्लीने ते दूरचित्रवाणीचे वार्ताहर हेराल्डो रिव्हेरा यांना आत घेऊन गेले. उघडी, मळलेली, जमिनीवर पडलेली माणसं त्या रात्री लोकांनी पहिल्यांदा घरात बसून पाहिली. पालक न्यायालयात गेले, १९७५ साली सुधारणांचा करार झाला, आणि संस्था पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. किल्ली राहून गेली, म्हणून हे सगळं झालं. ती परत घेतली असती तर?

‘तेव्हाचे दिवस वेगळे होते’ असं कुणी म्हणेल. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू हे २४ खाटांचं खासगी रुग्णालय जुनाट नव्हतं. एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी पैसा तिथे जात होता. टेरी ब्रायन नावाच्या परिचारकांनी आतला छळ पाहून आधी व्यवस्थापनाकडे आणि मग तपासणी करणाऱ्या आयोगाकडे तक्रार केली. कुणी हललं नाही. शेवटी २०११च्या मे महिन्यात बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण दाखवलं. माणसांना मारणं, जमिनीवर दाबून धरणं, थंड पाण्याखाली ढकलणं, सगळं त्यात होतं. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हे कबूल केले आणि ६ जण तुरुंगात गेले. त्यानंतरच्या सरकारी आढाव्यात एक गोष्ट नोंदली आहे, ती मी विश्वस्तांना शांतपणे वाचायची विनंती करते : तिथे कुटुंबीयांना आणि बाहेरच्या माणसांना वॉर्डात आणि रहिवाशांच्या खोल्यांमध्ये जाऊ देत नव्हते.

आणि हे अधिकाऱ्यांसाठी. आठच वर्षांनी, २०१९ साली, त्याच देशात व्होर्लटन हॉल या ठिकाणी तसाच छळ पुन्हा कॅमेऱ्यात सापडला. त्या ठिकाणाला २०१७च्या तपासणीत ‘चांगलं’ अशी श्रेणी मिळालेली होती. त्याआधी २०१५ साली एका तपासनिसाने तिथल्या परिस्थितीबद्दल चिंता व्यक्त करणारा अहवाल लिहिला होता, पण तो प्रसिद्धच झाला नाही. तुमची तपासणी कशी होते ते मी पाहिलं आहे. तारीख आधी कळते. फरशी धुतली जाते, पडदे लागतात, भिंतीवर रंगीत तक्ते येतात. तुम्ही कार्यालयात बसून रजिस्टर बघता, आणि रजिस्टरात ‘शांत. जेवण केले. झोप चांगली’ असतं. दादाच्या शेजारी पाच मिनिटं बसलेला तपासनीस मी अजून पाहिलेला नाही. बोलता न येणाऱ्या माणसाकडून काय कळणार, असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याच्या हातापायांची नखं बघा, दात बघा, खोलीत कुणी शिरलं की त्याचे खांदे कसे होतात ते बघा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. हे पत्र तुमच्याकडे राबणाऱ्या ताई-दादांविरुद्ध नाही. तिथे एक ताई होत्या, त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना कुणी वही दिली नव्हती. त्यांनी दादाच्या गळ्यावरची दोन बोटं आपणहून ओळखली, आणि पुढे तर तो बोटं नेण्याआधीच त्या पेला पुढे करायच्या. आजारपणाच्या रजेचे पैसे कापले म्हणून त्या सोडून गेल्या. दोन वर्षांत त्या मजल्यावर सात माणसं बदलली. दादासारख्या माणसाची भाषा कळायला महिने लागतात. इतकी माणसं बदलत राहिली तर ती कळणार कशी? अपुरा पगार, बारा-बारा तासांची पाळी, प्रशिक्षण नाही, आणि वर सगळा दोष त्यांच्याच माथी. काळजीचा दर्जा त्यांच्या कामाच्या अटींवर ठरतो, आणि त्या अटी विश्वस्त ठरवतात.

मला हेही सांगितलं जातं की, ‘एवढं असेल तर घरी घेऊन जा.’ हे वाक्य मी तीनदा ऐकलं आहे. ज्या दिवशी आणलं त्या दिवसापासून रोज रात्री मी ते स्वतःलाही ऐकवते. मी एकटी कमावणारी आहे. दिवसाचे दहा तास दादाजवळ बसायला घरी कुणी नाही, आणि मदतीला माणूस मिळेल अशी व्यवस्थाही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याच्या कलम १९मध्ये लिहिलं आहे की कुठे आणि कुणासोबत राहायचं, हे निवडायचा हक्क प्रत्येकाला आहे. २०२२ साली त्या कराराच्या समितीने तर संस्थांमध्ये माणसं ठेवणं बंदच करा, असं सरकारांना सांगितलं. स्वीडनने कायदा करून १९९९ अखेरपर्यंत आपल्या जुन्या मोठ्या संस्था बंद करायचं ठरवलं, आणि माणसं वस्तीतल्या लहान घरांत गेली. मला तेच हवं आहे. दादाला स्वतःचं दार असलेली खोली, तीन-चार सोबती, आणि त्याची भाषा कळणारी माणसं. पण नुसतं घर लहान केल्याने भागत नाही. त्याच समितीने २०१७मध्येच स्पष्ट केलं होतं की सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची, मदतनीस कोण हे आपण ठरवायचं नाही, दिनक्रम बदलायचा नाही, असं असेल तर आठ जणांचं घरसुद्धा संस्थाच असते. ते दिवस येतील तेव्हा येतील. तोपर्यंत दादा तुमच्याकडे आहे, आणि आजच्या दिवसाचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. भेटींवरची सूचना मागे घ्या. दिवसा कुठल्याही रास्त वेळी, न कळवता, रहिवाशाच्या खोलीपर्यंत घरच्यांना येऊ द्या. इतरांच्या खासगीपणाची काळजी मलाही आहे, त्यासाठी नियम बसून ठरवू. फोटो काढताना दुसरा कुणी त्यात येणार नाही, हा नियम मला मान्य आहे.

२. वागण्यात अचानक बदल झाला तर मनोविकाराचं औषध सुरू करण्याआधी किंवा वाढवण्याआधी दात, कान, पोट, लघवी आणि फिट यांची तपासणी झालीच पाहिजे. ती झाल्याचा कागद फायलीत हवा.

३. अशी औषधं घेणाऱ्या प्रत्येकाचा दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून लेखी फेरविचार व्हावा. त्या वेळी रहिवासी स्वतः आणि त्याला ओळखणारं एक माणूस हजर असावं. डोस कमी करायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

४. माणसाला धरून ठेवलं, बांधलं किंवा कोंडलं, तर प्रत्येक वेळची नोंद वेळ, कारण आणि नावांसह स्वतंत्र वहीत व्हावी आणि त्याच दिवशी घरी कळवावं. पालथं पाडून दाबणं पूर्ण बंद. त्यात श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत.

५. दादाच्या मनगटावरचा वळ कशाचा, याचं लेखी उत्तर.

६. रात्री प्रत्येक मजल्यावर किमान दोन माणसं. अपस्मार असलेल्याची आंघोळ कुणी तरी सोबत असल्याशिवाय नाही.

७. कर्मचाऱ्यांना नियमित पगारी रजा, कामावर घेताना प्रशिक्षण, आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण.

८. अधिकाऱ्यांकडून : अचानक तपासणी, रात्रीचीसुद्धा, आणि प्रत्येक अहवाल जसाच्या तसा जाहीर. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सामान्य नागरिकांमधून नेमलेले स्वयंसेवक अशा घरांमध्ये न सांगता जाऊ शकतात, रहिवाशांशी बोलू शकतात, कागद बघू शकतात. तशी नेमणूक इथेही करा. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं कलम १६ तर म्हणतंच की अशा सगळ्या ठिकाणांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख हवी. तारीख कळवून होणाऱ्या तपासणीला देखरेख म्हणता येत नाही.

९. प्रत्येक रहिवाशाची ‘सांगायची पद्धत’ लिहिलेली एक वही त्याच्या खोलीत, हाताशी असावी. नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याने ती वाचावी.

या पत्राचं लेखी उत्तर मला ३० दिवसांत हवं आहे. ते नाही आलं तर मी इतर रहिवाशांच्या घरच्यांना घेऊन न्यायालयात जाईन. त्यांतल्या अकरा जणांशी बोलणं झालं आहे.

पुढच्या बुधवारी सकाळी दहा वाजता मी फाटकाशी येते आहे. दादासाठी नवा टॉवेल आणते आहे, जुन्याची टोकं गुंडाळून गुंडाळून विरली आहेत. कार्यालयातल्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना त्या वेळी थांबायला सांगा. आईची वही बाहेर काढायची आहे.

आपली,
पहिल्या मजल्यावरच्या एका रहिवाशाची धाकटी बहीण